अडकलेल्या गाडीची वही

बिलं सहा होती आणि बेरीज एक लाख एकोणसाठ हजार. गाडी दोन इंच उंच करायचे 18 हजार, चिखलात चालणारे जाड नक्षीचे पाच टायर 75 हजार, लोखंडी बंपर 28 हजार, टपावरचा कॅरिअर 22 हजार, स्नॉर्कल 9 हजार आणि एलईडी लाइट बार 7 हजार. गाडी 2013 ची थार सीआरडीई, जुनीच विकत घेतलेली. ही सगळी खरेदी मी पहिल्या चार महिन्यांत उरकली. त्या चार महिन्यांत गाडी एकदाही डांबर सोडून खाली उतरली नव्हती.

उतरली ती जुलैत. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला भातलावणी चालू होती आणि वाट ट्रॅक्टरची होती. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मध्ये मातीचा वरंबा उभा राहिला होता. तीस-चाळीस मीटर गेल्यावर गाडी थांबली. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं चाक जागेवरच फिरतंय आणि मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियल त्या वरंब्यावर नांगरासारखा रुतलेला. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो.

सोबत दुसरी गाडी होती ती मारुती जिप्सी. तिचे मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या जिप्सीत कंपनीने दिलं त्यापलीकडे काही नव्हतं. मागे एक फावडं, एक कुदळ, रिकामी पोती, हवा मोजायचा काटा आणि नायलॉनचा जाड दोर. काका चिखलातून चालत आले, खिडकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, पाय काढ आधी. चाक फिरवून तू खड्डाच खणतोयस."

त्यांनी पहिली गोष्ट केली ती टायरची हवा मोजण्याची. 35 होती, डांबरी रस्त्यावर ठेवतात तेवढी. चारही चाकांची हवा त्यांनी 18 वर आणली. टायर जमिनीपाशी फुगला आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग डोळ्यांदेखत लांब झाला. चिखलात किंवा वाळूत गाडी चालते ती याच लांबीवर. मग अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून वरंबा खणला, चाकांपुढे पोती अंथरली आणि दोर बांधायची वेळ आली.

इथे मला पहिल्यांदा भीती वाटली. 28 हजारांचा तो बंपर गाडीला धरून होता तो 10 मिलिमीटरच्या दोन बोल्टांवर आणि एका पातळ पत्र्याच्या पट्टीवर. काकांनी वाकून पाहिलं, बोटाने पट्टी हलवली आणि ती हलली. दोर तिथे अडकवायला त्यांनी साफ नकार दिला. ताणलेल्या दोरात केवढा जोर साठलेला असतो हे त्यांना माहीत होतं. पट्टी तुटली असती तर बंपरचं लोखंड दोरासकट जिप्सीच्या काचेवर गेलं असतं. शेवटी चिखलात आडवं होऊन चासीला वेल्ड केलेला कंपनीचा हूक शोधला, तिथे दोर लावला, दोरावर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. जिप्सीने एकच संथ झटका दिला. गाडी बाहेर आली.

बाहेर काढण्यात एक लाख एकोणसाठ हजारांपैकी कशाचाही उपयोग झाला नव्हता.

खरा हिशेब आठवडाभराने गॅरेजमध्ये झाला. पुढच्या ॲक्सलवरचं रबरी बूट फाटलं होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडून पसरलं होतं. मिस्त्रीने मागच्या डिफरन्शियलचा नट सोडला तेव्हा तेल काळसर येण्याऐवजी दुधाळ, कडक चहाच्या रंगाचं आलं. त्या दिवशी वाटेत एक ओढा ओलांडला होता. पाणी स्नॉर्कलच्या जवळपासही पोचलं नव्हतं, पण ॲक्सलमध्ये शिरलं होतं.

या दोन्ही बिघाडांची कारणं समजून घेण्यासारखी आहेत, कारण पैसे वाया जातात ते नेमके इथेच.

जुन्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार असतो. गाडीच्या लांबीत बसवलेला हा पोलादी दांडा पिळला जातो आणि स्प्रिंगचं काम करतो. त्याचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं. नवा भाग लागत नाही, म्हणून गाडी उंच करण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण असं केल्यावर पुढचे आर्म आधीच खाली झुकलेले राहतात आणि खड्ड्यात चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही. म्हणून माझं डावं चाक हवेत लटकलं. ॲक्सलही तिरक्या कोनात फिरतो, त्याचं बूट ताणून फाटतं, मग ग्रीस बाहेर आणि माती आत.

मागे पाटे आहेत. पाट्यांना लांब शॅकल लावून मागची बॉडी वर घेतली, पण ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियल होता तिथेच राहिला. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची वाढवतो तो फक्त टायर, आणि तोही जेवढा मोठा होतो त्याच्या निम्म्यानेच. मूळ 235/70 आर16 टायरचा व्यास साधारण 735 मिलिमीटर, मी घातलेल्या 245/75 आर16 चा 774. फरक 39, म्हणजे उंची वाढली जेमतेम 19 मिलिमीटर, एका बोटाच्या जाडीएवढी. वरंबा त्याहून कितीतरी उंच होता. बदल्यात मीटरवर 100 दिसताना गाडी प्रत्यक्षात 105 ने पळू लागली आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावला की जाड नक्षीचा टायर पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबू लागला. घाटातल्या उतारावर ते जाणवतं.

स्नॉर्कल इंजिनाची हवा ओढण्याची जागा वर नेतो, एवढंच. ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस यांना श्वास घ्यायला स्वतंत्र छोट्या नळ्या असतात, त्यांना ब्रीदर म्हणतात. चालून तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल किंवा पाण्याखाली गेला असेल, तर आत पाणी ओढलं जातं. उपाय म्हणजे ब्रीदरला चांगली रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंच नेऊन बांधायची. काही शे रुपयांचं काम. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन्ही ॲक्सलचं तेल आणि सील बदलण्याचा खर्च वाचला असता. म्हणूनच ते इतकं सविस्तर लिहितोय.

नव्या गाड्या घेणाऱ्यांनी तर आपल्या गाडीत आधीच काय आहे हे अगोदर वाचावं. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या थारची जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर आहे आणि कंपनी 650 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मुभा देते. म्हणजे जवळजवळ मांडीपर्यंतचं पाणी. पावसाळ्यातल्या वाहत्या ओढ्यात एवढ्या पाण्यात गाडी घालणं हेच मुळात धोक्याचं, मग वर आणखी स्नॉर्कल कशासाठी? फोर्स गुरखाला स्नॉर्कल कंपनीकडूनच येतो आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला चालकाच्या हातातले डिफरन्शियल लॉक असतात. जिम्नीचं वजन जेमतेम बाराशे किलो, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल. चिखलात हा हलकेपणा हीच तिची कमाई आहे. तिच्यावर लोखंडी बंपर, विंच आणि भरलेला कॅरिअर चढवला की ती कमाई हातची जाते.

विंचबद्दल तरुण मुलं मला फार विचारतात. विंच चांगली वस्तू आहे, पण ती एकट्याने दूर जाणाऱ्याची. तिच्यावर लिहिलेली ओढण्याची ताकद ड्रमवर केबलचा अगदी आतला थर असतानाच मिळते, वर जितके थर तितकी ती कमी. शिवाय वजन पुढच्या टोकाला येतं, बॅटरीवर ताण पडतो आणि ओढायला समोर भक्कम झाड किंवा दुसरी गाडी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या उघड्या सड्यांवर झाड शोधून पाहा. दोन गाड्या मिळून जायचं ठरवलं तर विंचचे बहुतेक पैसे वाचतात.

बंपरचा प्रश्न तर सुरक्षेचा आणि कायद्याचाही आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून वाहनांवरचे बेकायदा क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. पायी चालणाऱ्याला त्यांनी जबर इजा होते, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धडकेचा जोर सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी हेच बदल पुढे करून दावा अडवू शकते. माझा बंपर मी त्याच पावसाळ्यात काढून भंगारात दिला.

मग पैसे घालायचे कशात? आधी गाडीच्या तब्येतीत. बुश, सील, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, ॲक्सलची तेलं. अशी धडधाकट गाडी उंच केलेल्या थकलेल्या गाडीपेक्षा पुढे जाते, हे मी त्यानंतर अनेकदा पाहिलं. त्यानंतर हवेचा काटा आणि 12 व्होल्टवर चालणारा चांगला कंप्रेसर. हवा काढायला काहीच लागत नाही, पण डांबरावर परतण्याआधी ती भरावीच लागते. 18 हवेवर वेगाने गाडी चालवली की टायर तापतो आणि फुटू शकतो. 15 च्या खाली तर साध्या रिमवरून टायर निसटण्याची भीती असते. मग ताण घेणारा नायलॉनचा दोर, दोर अडकवायच्या दोन चांगल्या शॅकल आणि पुढे-मागे चासीला पक्के जोडलेले ओढण्याचे हूक. ट्रेलरच्या गोळ्याला दोर कधीही बांधू नये. तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसं दगावली आहेत.

टायर बदलायचेच असतील तर कंपनीने दिलेल्या मापातले ऑल-टेरेन घ्यावेत. आपलं निम्म्याहून जास्त चालणं डांबरावरच असतं. गाडीच्या पोटाखाली भक्कम पत्रा असावा, कारण दगड तिथेच लागतो. आणि शिकण्यावर खर्च करावा. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोडिंगचं प्रशिक्षण सुरू केलं, ते उगाच नाही. उतारावर कोणता गिअर ठेवायचा, चाकोरीत उतरण्याऐवजी वरंब्यावरून चाकं कशी न्यायची, हे दोन दिवसांत हाताला वळण लावून शिकता येतं. मला हे आधी आलं असतं तर त्या दिवशी मी अडकलोच नसतो.

काकांनी मला परत येताना एक सवय लावली. गाडी अडकली की त्याच दिवशी वहीत लिहायचं. कुठे, कशामुळे, काय नव्हतं आणि कशाने निघाली. वर्षअखेरीस वही वाचायची आणि जे तीनदा लिहिलं गेलंय तेवढंच विकत घ्यायचं. माझ्या वहीतल्या पहिल्या वर्षाच्या अकरा नोंदींपैकी सात हवा न काढल्याच्या आहेत. पाण्याच्या खोलीमुळे एकही नाही. उजेड कमी पडला म्हणून एकही नाही.

दुसऱ्या वर्षी टॉर्शन बार मूळ जागी आणला, लांब शॅकल काढल्या, कॅरिअर विकला. माथ्यावरचं ओझं गेल्यावर आडव्या उतारावर गाडी किती निवांत उभी राहते हे लगेच कळलं. 2015 च्या सुधारित थारला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळालं. एक चाक हवेत फिरू लागलं की ते दुसऱ्या चाकालाही ओढायला लावतं. माझ्या 2013 च्या गाडीत ते नाही.

यंदाच्या पावसाळ्यात वहीत चार नोंदी झाल्या. त्यांतल्या तीन सारख्याच आहेत: हवा 18, वाट बरोबर निवडली, मागचं एक चाक हवेत, बाकी काही अडचण नाही. दिवाळीनंतर मागच्या ॲक्सलला लॉकर बसवायचा आहे. त्यासाठी दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकतोय, आणि बसवण्याआधी गाडी काकांना एकदा खालून दाखवणार आहे.