खाजणातील सरळ रेघा

इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक भागात उथळ तळ्यांचा एक पट्टा आहे. त्यास 'ब्रॉड्स' म्हणतात. ही तळी निसर्गनिर्मित आहेत अशीच पुष्कळ काळ समजूत होती. १९५० नंतरच्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी गाळात भोके पाडून पाहिले, तेव्हा तळ्यांचे काठ भिंतीसारखे उभे व तळ सपाट निघाले. मध्ययुगात लोकांनी तेथून पीट, म्हणजे दलदलीत साचलेले आणि वाळवून जाळता येणारे वनस्पतींचे थर, खणून नेले होते. पुढे पाणी चढले आणि खड्ड्यांची तळी झाली.

आमच्या दहिसरच्या खाडीकाठी पीट नाही, खारी चिकणमाती आहे. परंतु तिवरांकडे पाहणारा येथेही 'हे सारे निसर्गाचे' असेच म्हणतो. खाडीचे ओहोळ नागमोडी वळतात. मध्येच एखादा उंचवटा मात्र दोरी लावल्यासारखा सरळ जातो आणि काटकोनात वळतो. तो मिठागराचा बांध होय.

उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडीत उन्हाने दाट करायचे आणि शेवटच्या उथळ कप्प्यात मीठ धरू द्यायचे, अशी ही रीत. त्या कप्प्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. माझे आजोबा हेच काम करीत. त्यांच्या टाचांच्या भेगा कधी भरून आल्या नाहीत. पावसाळ्यात बांध खचत. पाऊस सरला की शेजारचीच माती काढून ते पुन्हा उभे करीत. म्हणजे एकाच बांधात कित्येक वर्षांच्या मातीचे थर असणार! दुरुस्ती थांबली की भरती आत शिरते, गाळ बसतो, तिवरे उगवतात.

मिठाचा इतिहास म्हटला की आपण १९३० चा वडाळ्याचा सत्याग्रह लिहितो. ते योग्यच आहे. पण मीठ पिकविणारा त्यात कोठे दिसतो? मंडपेश्वरची लेणी दगडात असल्याने टिकली. आगऱ्याचे काम मातीत आहे, आणि राडारोड्याचे चार ट्रक ते एका दिवसात पुरू शकतात. आमच्या इतिहास विभागाने निदान बांधांची लांबी-रुंदी मोजून नकाशा करावा. आगरावर राबलेली म्हातारी माणसे दहिसर-भाईंदर पट्ट्यात अद्याप आहेत. कोणता कप्पा कोणत्या नावाने ओळखत, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरेल.