घशातली नळी : भीती नको, माहिती हवी

गेल्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहारात आम्ही आरोग्यावर बोलायला गेलो होतो. विषय होता रक्तदाब. बोलणं संपलं, खीर वाटून झाली, आणि चपला घालता घालता एक आजी जवळ आल्या. पित्ताशयात खडे. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा त्या घरातून निघाल्याच नाहीत. कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, घशात नळी टाकली का माणूस वापस येत नाही म्हणतात ना लोकं?"

आजी एकट्या नाहीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हेच वाक्य आम्ही घरोघरी ऐकलं. "व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं." त्या दिवसांत नळी पडायची ती अत्यवस्थ रुग्णांना. त्यातले अनेक दगावले आणि दोष आला नळीवर. फुप्फुसं आजाराने भरली होती, हे कुणी बसून समजावलं नाही. ही चूक लोकांची नव्हे, आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांची. आम्ही संमतीच्या कागदावर सही घेतली, पण कागदात काय आहे ते सांगितलं नाही.

म्हणून आज या पानावर त्या नळीचाच पाठ घेऊ. ती अशीच का बनवली, तिचा कुठला भाग काय काम करतो आणि आपण काय विचारायचं, हे पाहू.

आधी आपला श्वास

आनापानसती करताना आपण नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या हवेकडे लक्ष देतो. ती हवा पुढे घशात उतरते. घसा हा चौक आहे. अन्न आणि हवा दोन्ही तिथूनच जातात. पुढच्या बाजूला श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घास गिळताना स्वरयंत्राचं तोंड मिटतं. चुकून पाण्याचा थेंब श्वासनलिकेकडे गेला तर जोराचा ठसका लागतो. तो ठसका म्हणजे आपला पहारेकरी.

पूर्ण भूल दिली की हा पहारेकरी झोपतो. जीभ सैल होऊन मागे पडते आणि वाट अडवते. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर श्वासही थांबतो. अशा वेळी जे साधन लावायचं त्याला चार कामं करावी लागतात : वाट उघडी ठेवणं, ऑक्सिजन आणि भुलीचा वायू गळती न होता फुप्फुसापर्यंत नेणं, पोटातलं पाणी, रक्त, लाळ आत जाऊ न देणं, आणि हे सगळं करताना शरीराला इजा न करणं. पहिली तीन कामं जमवताना चौथं बिघडतं. या साधनांचा सगळा इतिहास याच ओढाताणीचा आहे.

एकेका अडचणीतून घडलेली नळी

१८७८ मध्ये ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅक्युएन यांच्यासमोर जिभेच्या मुळाशी गाठ असलेला रुग्ण होता. तोवर अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करत. मॅक्युएन यांनी बोटाच्या स्पर्शाने अंदाज घेत तोंडातूनच श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिलं.

पुढची अडचण आली पहिल्या महायुद्धानंतर. चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरॉल्ड गिलिस शस्त्रक्रिया करत होते. जो चेहरा दुरुस्त करायचा त्याच्यावरच भुलीचा मास्क कसा धरणार? भूल देणारे आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत बसवली. सुरुवातीला दोन बारीक नळ्या वापरत, एक वायू आत नेण्यासाठी आणि एक बाहेर येण्यासाठी. पुढे मॅगिल यांनी एकच रुंद रबरी नळी आणली. आजच्या नळीचा बाक तिथून आला आहे.

पण नळीच्या बाजूने गळती होत होती. अमेरिकेतले आर्थर ग्युडेल यांनी नळीभोवती फुगवता येणारा रबरी फुगा बसवला. तो खरंच गळती थांबवतो हे लोकांना पटवायचं कसं? त्यांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या श्वासनलिकेत नळी घालून फुगा फुगवला आणि त्याला चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. नंतर बाहेर काढलं, कुत्रा जागा झाला आणि अंग झटकून उभा राहिला. १९२८ मध्ये ग्युडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी या फुग्याच्या नळीची माहिती छापली. प्राण्यावरचा असा प्रयोग आज मनाला टोचतो. तरी "मी सांगतो म्हणून माना" असं न म्हणता "या आणि पाहा" म्हणण्याची ती रीत होती, एवढं घेण्यासारखं आहे.

फुग्याच्या नळीचं खरं मोल कळलं १९५२ मध्ये, डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात. पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं गुदमरत होती. श्वास देणारी यंत्रं मोजकीच होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं, ते सुमारे ४० टक्क्यांवर आलं. आजचा आयसीयू त्यातूनच जन्मला.

आजींना आम्ही हेच सांगितलं. नळी मरणाऱ्याला लावायची वस्तू म्हणून जन्मली नाही. माणसं वाचावीत म्हणून दीड हजार पोरं रात्री जागली, तेव्हा ती आयसीयूत आली.

नळी हातात घेऊन पाहू

रुंदी : मोठ्या माणसाच्या नळीचा आतला व्यास साधारण ७ ते ८.५ मिलिमीटर असतो. बायकांना थोडी बारीक, पुरुषांना थोडी रुंद. बारीक नळी घशाला कमी त्रास देते, मग अगदी बारीकच का नको? कारण नळीची रुंदी निम्मी केली की हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, जवळपास सोळापट वाढतो. एक साधी स्ट्रॉ आणि एक बारीक स्ट्रॉ तोंडात धरून श्वास घेऊन पाहा, लगेच कळेल.

टोक : टोक तिरपं कापलेलं असतं, म्हणजे स्वरतंतूंच्या मधून सरकवताना वाट दिसते. टोकाजवळ बाजूला आणखी एक भोक असतं. मुख्य तोंड भिंतीला चिकटलं किंवा कफाने बुजलं तर हवा तिथून जाते.

खुणा : नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात. ओठाशी कुठला आकडा आहे, ते नर्स लिहून ठेवते. उजव्या फुप्फुसाची वाट जास्त सरळ असते. नळी खोल गेली तर ती उजवीकडेच उतरते आणि डावं फुप्फुस हवेविना राहतं. नळीच्या लांबीभर एक रेघ असते, ती एक्स-रेमध्ये दिसते.

बाहेरचं तोंड : जगात कुठल्याही कंपनीची नळी घ्या, बाहेरचा जोड १५ मिलिमीटरचाच. गडबडीत अंबू बॅग आणि नळी जुळली नाही असं होऊ नये, म्हणून हे माप सगळ्यांनी मान्य केलं आहे.

लेकरांची नळी : तान्ह्या बाळाची नळी ३ ते ३.५ मिलिमीटरची असते. तीन किलोचं बाळ एका श्वासात जेमतेम २० मिलिलिटर हवा घेतं. जोडणीच्या भागात ५ मिलिलिटर जागा वाया गेली तर पाव श्वास तिथेच अडकतो आणि सोडलेली हवाच बाळ पुन्हा घेतं. म्हणून बाळाचं साधन म्हणजे मोठ्यांचं छोटं केलेलं साधन नव्हे. त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

फुग्याचा दाब : आमची एक आठवण

डिप्लोमा करून आम्ही नोकरीला लागलो तेव्हा लाल रबरी नळ्या अजून वापरात होत्या. वापरल्या की धुवायच्या, जंतुनाशकात बुडवायच्या, पुन्हा वापरायच्या. धुणाऱ्या मावशी बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. हातमोजे असतीलच असं नाही. पुढे एकदाच वापरायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या आल्या. त्यांच्या पाकिटावर फुली मारलेला २ चा आकडा असतो. त्याचा अर्थ, दुसऱ्यांदा वापरू नका.

प्लास्टिकच्या नळीचा फुगाही बदलला. जुना फुगा लहान आणि कडक, थोड्या हवेत जोराने रुतणारा. नवा मोठा आणि मऊ, भिंतीला हलका टेकणारा. पण मऊ फुग्यातही हवा जास्त भरली तर तो रुततोच. दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या मध्ये हवा. कमी पडला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो.

आमच्या वॉर्डात दाब मोजायचं यंत्र नव्हतं. सिरिंजने हवा भरायची, बाहेरचा छोटा फुगा चिमटीत दाबून पाहायचा, घट्ट लागला की पुढच्या कामाला. बांधकामावर मजुरी करणारा एक तरुण बारा दिवस नळीवर होता. बरा होऊन चालत घरी गेला. काही आठवड्यांनी परत आला तो श्वासाला शिट्टीसारखा आवाज घेऊन. जिथे फुगा होता तिथेच श्वासनलिका आकसली होती. पुढे मोठी शस्त्रक्रिया झाली, पण डोक्यावर विटा घेऊन जिना चढणं त्याला पुन्हा जमलं नाही. आम्हाला कुणी रागावलं नाही. दाब मोजलाच नव्हता, तर चूक लिहिणार कुठे?

तळहातावर मावणारं ते यंत्र आम्ही नंतर लेखी मागितलं. तीनदा मागितलं तेव्हा मिळालं. साधन कितीही विचार करून बनवलेलं असो, त्याच्यावर लक्ष ठेवणारं माणूस आणि मोजणारं यंत्र नसेल तर तो विचार पाकिटातच राहतो.

फुप्फुसाच्या दारावर बसणारा मास्क

प्रत्येक ऑपरेशनला नळी श्वासनलिकेत घालावी लागतेच असं नाही. १९८१ मध्ये लंडनचे भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी प्रश्न उलटा मांडला. नळी दारातून आत न्यायची नसेल तर दारावरच झाकणासारखी बसवता येईल का? त्यांनी मृतदेहांच्या घशाचे प्लास्टरचे साचे काढून आकार अभ्यासला. दातांच्या भुलीसाठीच्या मास्कचा रबरी फुगा नळीला जोडून पहिले नमुने हाताने बनवले. १९८८ पासून हा लॅरिंजिअल मास्क ब्रिटनमध्ये विक्रीला आला. तो स्वरतंतूंमधून जात नाही, म्हणून घशाला त्रास कमी. मात्र पोट भरलेलं असेल तर तो नळीइतकं संरक्षण देत नाही. कुठलं साधन घ्यायचं हे भूलतज्ज्ञ यावरूनही ठरवतात. म्हणून "उपाशी या" ही सूचना पाळायची, आणि चुकून खाल्लंच असेल तर लपवायचं नाही.

साधन कोणाच्या मापाचं?

ही सगळी साधनं एक गोष्ट गृहीत धरतात, की तोंड उघडतं. आपल्या वस्त्यांत सुपारी आणि गुटख्याने कितीतरी तरुणांचं तोंड उघडत नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक दोरीसारखी होते. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का, आरशासमोर पाहा. दोनच जात असतील तर भूल देताना अडचण येऊ शकते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कोपऱ्यावर मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंड कमी उघडत असेल तर आधी सांगा. मग कॅमेऱ्याच्या लवचीक दुर्बिणीवरून, रुग्ण जागा असतानाच, नाकातून नळी सरकवायची तयारी करता येते. सांगितलं नाही तर तीच अडचण ऐनवेळी जिवावर येते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचा प्रकार काळ्या रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट होता. यंत्र जात-वर्ण पाळत नाही, पण ते कोणाच्या अंगावर तपासून बनवलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून आकडा ठीक असला तरी दम लागत असेल तर "रिडिंग नॉर्मल आहे" एवढ्यावर गप्प बसू नका.

ऑपरेशनआधी हे सांगा, हे विचारा

१. हलणारा दात, कवळी, दमा, घोरणं, आधीच्या भुलीत झालेला त्रास, तंबाखू-सुपारी हे सगळं स्वतःहून सांगा.

२. जेवण किती तास आधी बंद आणि पाणी किती तास आधी बंद, हे वेगवेगळं विचारा. साधारणपणे जेवण निदान सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा.

३. नळी असताना आवाज येत नाही, कारण ती स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. आवाज गेला असं समजू नका. आयसीयूतल्या जाग्या रुग्णासाठी पाटी-पेन्सिल मागा.

४. नळी काढल्यावर एक-दोन दिवस घसा दुखतो, आवाज बसतो. आवाज बराच काळ बसलेला राहिला, किंवा काही आठवड्यांनी श्वासाला आवाज येऊ लागला, तर लगेच दाखवा.

५. नातेवाईक जास्त दिवस नळीवर असेल तर नम्रपणे विचारा : फुग्याचा दाब मोजता का? डोक्याकडची बाजू उंच ठेवता का? तोंडाची स्वच्छता होते का? हा उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.

आजींनी हे प्रश्न नातीकडून वहीत लिहून घेतले आणि तिसऱ्या तारखेला त्या गेल्या. परत आल्यावर दोन दिवस आवाज घोगरा होता. पुढच्या पौर्णिमेला विहारात त्यांनीच शेजारणीला बोलावून सांगितलं, "नळी टाकली होती मले. हे पाहा, बोलून राहिली."

शिका हा बाबासाहेबांचा शब्द दवाखान्याच्या दारातही लागू आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.