रंगद्रव्याविना रंग : मोरपिसापासून त्रिमितीय मुद्रणापर्यंत

यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव एकेकाळी सुती कापडावरील छपाईसाठी आणि निळ्या व तांबड्या रंगाईसाठी प्रसिद्ध होते, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. निळीच्या पिंपातून काढलेले कापड हवा लागताच निळे होई. हा रंग रंगद्रव्याचा होय. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. उन्हाने रंगद्रव्याचा ऱ्हास झाला, की रंग विटतो.

मोरपिसाची निळाई मात्र निराळ्या जातीची आहे. पिसाची बारीक पूड केल्यास ती नाहीशी होते, कारण पिसात निळे द्रव्य नसतेच. त्यात मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या जाळीप्रमाणे रचलेल्या असतात. 2003 मधील संशोधनानुसार या कांड्यांमधील अंतर निळ्या भागात सुमारे 140, हिरव्या भागात 150 व पिवळ्या भागात 165 नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. अंतर बदलले, की परावर्तित होणारा रंग बदलतो. यास संरचनाजन्य रंग म्हणता येईल. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही 1934 मध्ये पक्ष्यांच्या पिसांतील रंगांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

हेच तत्त्व आता त्रिमितीय मुद्रणात उतरले आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये एकाच शाईतून निळ्यापासून नारिंगीपर्यंतचे रंग मुद्रित केले. या शाईतील बहुवारिकाचे रेणू बाटली धुण्याच्या ब्रशासारखे असतात. द्रावक उडून जाताना ते थराथरांनी रचले जातात. मुद्रणाचा वेग व तापमान बदलले, की थरांची जाडी आणि त्याबरोबर रंगही बदलतो.

सुती कापडाच्या रंगाईची जागा हे तंत्र आज घेऊ शकत नाही. तथापि, रंगाईच्या सांडपाण्यातून रंगद्रव्ये नदीनाल्यांत मिसळतात, हे ध्यानी घेता रंगद्रव्याविना रंग मिळविण्याच्या या प्रयत्नांचे महत्त्व पटावे.

शिक्षकांस हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून उभे धरावे. पाणी खाली ओघळून पडदा वरून पातळ होत जातो आणि रंगांचे पट्टे खाली सरकतात. द्रव तोच राहतो, जाडी तेवढी बदलते. रंग केवळ पदार्थावर नव्हे, तर त्याच्या रचनेवरही अवलंबून असतो, हे विद्यार्थ्यांस त्यातून प्रत्यक्ष उमगेल.