कोल्ह्याची वाट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास बाबा भाजीच्या करंड्या मोटरसायकलला बांधून भाईंदरच्या बाजाराला निघाले होते. तारोडीच्या पुढच्या वळणावर खारफुटीकडून एक कोल्हा आला आणि थेट चाकाखाली सापडला. कोल्हा जागीच मेला. बाबांचे मनगट मोडले व दोन महिने धंदा बंद राहिला. पण बाबा पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत, "अरे, त्याची वाट तीच होती." प्रस्तुत लेखाचे मूळ या एका वाक्यात आहे.

पाणी, भक्ष्य आणि जोडीदार यांच्या शोधात प्राणी ठरलेल्या वाटांनी हिंडतात. मधून रस्ता गेला म्हणून त्या वाटा बदलत नाहीत. रात्री वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपले की जनावर पळण्याऐवजी जागीच थबकते. मग वेगात असलेल्या चालकाच्या हातीही काही उरत नाही. म्हणून सगळा दोष चालकावर टाकणे मला पटत नाही.

आपल्या भागाशी संबंध आलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या संशोधनाचा भाग म्हणून त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव 'आजोबा'. हा आजोबा महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याजवळचा रेल्वेमार्ग त्याने सुखरूप ओलांडला होता. तो डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळच्या रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला. एवढे चतुर जनावरही शेवटी रस्त्याला फसले.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत मनसर ते खवासा या पट्ट्यात प्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून घेण्यात आला. वाहने वरून जातात, जनावरे खालून. यांतील काही मार्ग ५० मीटर रुंद, तर सर्वांत मोठा ७५० मीटरचा आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी या मार्गांनी ये-जा करताना दिसले. चितळ आणि रानडुक्कर तर होतेच, खुद्द वाघही होता!

कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानात हा प्रयोग त्याहून जुना आहे. तेथे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालून जनावरांना पूल व बोगद्यांकडे वळवले, आणि अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले. तेथील अस्वलांना मात्र नव्या वाटेची सवय व्हायला काही वर्षे लागली. नुसता पूल बांधून भागत नाही. कुंपण हवे, जागा जनावराच्या जुन्या वाटेवर हवी, आणि धीर हवा.

कोणी म्हणेल, एवढा पैसा आमच्या गावरस्त्यावर कोण घालणार? खरे आहे. पण आमच्याकडे वाघ नाही. आमच्याकडे कोल्हे, मुंगूस, साप आणि पहिल्या पावसात रस्ताभर पसरणारे खेकडे आहेत. त्यांना ७५० मीटरचा पूल नको. रस्त्याखालची साधी मोरी पुरते. तिच्या एका कडेला पाण्याच्या वर हातभर कोरडा कठडा ठेवला, तोंडाशी थोडी झुडपे राहू दिली आणि वळणावर गतिरोधक घातला, तर काम होण्यासारखे आहे. नव्या रस्त्याच्या आराखड्यात हे धरले तर खर्च फारसा वाढू नये, असे मला वाटते.

दिवाळीच्या सुटीत मी बाबांना घेऊन आमच्या रस्त्यावरच्या मोऱ्या पाहिल्या. अपघात झाला त्या वळणापासून जेमतेम वीस पावलांवर एक मोरी आहे. ती आतून प्लॅस्टिक आणि राडारोड्याने गच्च भरली होती. तोंडाशी ओल्या चिखलात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे होते. ते मोरीपर्यंत आले होते, तिथे जरा घोटाळले होते आणि मग वर, डांबराकडे गेले होते.