शेवटची मात्रा सोडू नकोस

पोरी, स्टेनोचा क्लास लावलास, फार बरं वाटलं. रेषा, वर्तुळं, आकडे सगळं क्लासात शिकवतीलच. मी उभी हयात कोर्टात ऐकत आणि लिहीत बसलो, त्यातलं जे हाताला लागलं ते तुला सांगून ठेवतो.

इंग्रज माणसाची पद्धत म्हणून बिचकू नकोस. आयझॅक पिटमनने १८३७ साली छापलेली ही पद्धत स्पेलिंगवर नाही, उच्चारावर चालते. 'प'ची रेषा बारीक, तीच दाबून काढली की 'ब'. क-ग, च-ज, ट-ड यांचंही तसंच. म्हणजे आपल्याच वर्णमालेतल्या वर्गांचं पहिलं आणि तिसरं अक्षर. ती तू पहिलीतच घोकलीस. आता फक्त हात हलका ठेव. पेन्सिल मऊ घे, चार पेन्सिलींना आधीच टोक करून ठेव. बॉलपेनने जाड-बारीक नीट उमटत नाही, आणि मग 'काळा'चा 'गाळा' होतो.

घाईचं लिखाण आपल्याकडे जुनंच आहे. मोडी लिहिणारे आधी आडवी ओळ आखायचे आणि मग हात न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा नाही, रोजचे शब्द एका-दोन अक्षरांत आटोपलेले. तुझी शब्दचिन्हं तीच युक्ती करतात. घरात जुन्या जमिनीचा मोडी कागद असेल तर काढून बघ.

आता मुख्य गोष्ट. वेग वाढला की स्वरांचे ठिपके गळतात. इंग्रजीत ते पुष्कळदा खपून जातं, मराठीत नाही. आपल्या वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो. 'म्हणाला' की 'म्हणाली', 'केला' की 'केले', हे शेवटच्या मात्रेवर ठरतं. आणि 'नाही' तर अगदी टोकाला बसतो. साक्षीदार म्हणतो, 'मी त्याला तिथे पाहिलं नाही', आणि दमलेल्या हाताने शेवटची खूण सोडली की माणूस गुन्ह्याच्या जागी उभा राहिला! म्हणून मधला स्वर गेला तर जाऊ दे, शेवटचा सोडू नकोस. 'नाही'ची खूण तर डोळे मिटून निघाली पाहिजे.

हे मी उगाच ताणत नाही. १९१६ साली लोकमान्यांवर बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून राजद्रोहाची कारवाई झाली. बोलणं मराठी, न्यायाधीशांपुढे आलं ते इंग्रजीत. हायकोर्टाने सुटी वाक्यं न बघता भाषणं अख्खी वाचली आणि खालचा हुकूम रद्द केला. अख्खं वाचायचं तर आधी अख्खं टिपलेलं हवं. ते काम आपलं.

सरावाला क्लासचा उतारा पुरत नाही. तो एकाच चालीने वाचतात, माणसं तशी बोलत नाहीत. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना कडेला उभी राहा, पुकारलेले भाव टिप. आकडे चुकायची भीती तिथेच जाते. सप्ताहात कीर्तनाला वही घेऊन बस. बुवा निरूपणात संथ असतात, दृष्टांतात सुसाट सुटतात. त्या सुसाट वेळी कान पुढे आणि हात तीन-चार शब्द मागे, हे जमायला हवं. एखादा शब्द निसटला तर जागा सोड, त्याच्यामागे लागू नकोस. त्याच्या नादात पुढची ओळ जाते.

आणि टिपलेलं त्याच संध्याकाळी उतरवून काढ. न वाचता ठेवलेल्या वह्यांचा ढीग म्हणजे सराव नव्हे. अडलेली खूण लाल शाईने घेर, दुसऱ्या दिवशी तीच पानभर गिरव. आठवड्याने जुनं पान काढून वाच. तेव्हाही अडलं नाही, तरच ती खूण तुझी झाली.

मिनिटाला ८० शब्दांवर लघुटंकलेखकाची जागा असते, पुढे १०० आणि १२० वर लघुलेखकाची. पण ८० चं आपलं लिखाण न अडखळता वाचता येईपर्यंत १०० चा फॉर्म भरू नकोस. मराठी टायपिंगचे ३० सोबतच करून घे, शेवटी उतरवायचं कीबोर्डवरच आहे. आणि पान भरत आलं की डाव्या अंगठ्याने कोपरा आधीच उचलून ठेवायची सवय आजपासून लाव.