देण्यापूर्वी विचारा



जकात किती द्यावी, केव्हा द्यावी आणि कोणाला द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्याला द्यायचे आहे, त्याला आपण कधी काही विचारतो काय? मोहल्ल्याच्या बैतुलमालच्या बैठकीत व्यापारी असतात, नोकरदार असतात, शिकलेसवरलेले लोक असतात. ज्यांच्या घरी रात्री चूल पेटली नाही, अशांपैकी मात्र बहुधा कोणीच नसतो. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्यावाचून होतात. इस्लामी शिकवण याबाबत काय सांगते, ते पाहू या.

उपकार नव्हे, हक्क

दिव्य कुरआनने सूरह मआरिजच्या २४ व २५ व्या आयतींत ईमानधारकांची ओळख सांगताना म्हटले आहे की, त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. येथे ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याचक मिळेल ते घेतो. हक्कदाराला मात्र त्याचे म्हणणे मांडता येते.

सूरह शूराच्या ३८ व्या आयतीत नमाज कायम करणे, आपसात सल्लामसलतीने कारभार करणे आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत. मग गरिबांसाठी खर्च करताना सल्ल्यातून गरिबालाच वगळणे कितपत योग्य ठरेल?

सूरह बकराची २७३ वी आयत आणखी एका गटाकडे लक्ष वेधते. हे लोक गरजू असूनही हात पसरत नाहीत आणि त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. अशी घरे कमिटीच्या यादीत सहसा सापडत नाहीत. ती ओळखतो तो त्याच स्थितीतून गेलेला शेजारी.

दुधाचा प्याला

आदरणीय अबू हुरैरा (रजि.) हे मस्जिद-ए-नबवीच्या चौथऱ्यावर राहणाऱ्या निर्धन सहाबांपैकी, म्हणजे अस्हाबे सुफ्फापैकी एक. सहीह बुखारीत त्यांचे स्वतःचे निवेदन आहे. भूक असह्य होऊन ते पोटाला दगड बांधीत. एके दिवशी ते वाटेवर बसले. आधी आदरणीय अबू बक्र (रजि.) गेले, मग आदरणीय उमर (रजि.) गेले. दोघांनाही त्यांनी एका आयतीविषयी विचारले. आपल्याला कोणी घरी नेऊन जेवू घालावे, हाच त्यांचा हेतू होता. पण तो दोघांच्याही ध्यानी आला नाही. नंतर प्रेषित मुहम्मद (स.) आले आणि चेहरा पाहताच सारे उमगले.

घरी भेट म्हणून आलेला दुधाचा एक प्याला होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सुफ्फाच्या सर्व लोकांना बोलावून आणण्यास सांगितले आणि दूध वाटण्याचे कामही त्यांच्याकडेच दिले. आपल्याला काही उरेल की नाही, ही धास्ती मनात घेऊन त्यांनी एकेकाला पाजले. अल्लाहच्या कृपेने सर्व तृप्त झाले. मग प्रेषितांनी (स.) त्यांना पुन्हा पुन्हा आग्रह करून पोटभर पाजले आणि उरलेले दूध स्वतः सर्वांत शेवटी घेतले.

भुकेल्याचे पोट भरलेच, शिवाय त्याला वाटणाऱ्याचे स्थानही मिळाले. पुढे रमजानच्या जकातीच्या धान्यावर राखणदार म्हणून प्रेषितांनी (स.) याच अबू हुरैरांना नेमले. गरीब माणूस वाटणीत आपपरभाव करील, अशी शंका घेणाऱ्यांनी या नेमणुकीवर विचार करावा. अमानत ही ईशभयावर अवलंबून असते, श्रीमंतीवर नाही. हिशेब मात्र गरीब-श्रीमंत दोघांकडूनही सारखाच घ्यावा.

मातेच्या बोलण्याने नियम बदलला

आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत दूध सुटलेल्या बालकांनाच बैतुलमालमधून वेतन मिळे. इब्ने सअद यांनी नोंदविले आहे की, एका रात्री मदिनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना त्यांना मूल रडताना ऐकू आले. चौकशी करता, समोर कोण आहे हे न ओळखता आई म्हणाली की, उमर दूध सुटल्यावाचून काही देत नाहीत, म्हणून मी याचे दूध लवकर तोडत आहे. फजरच्या नमाजीत खलिफांना रडू आवरेना. त्यानंतर त्यांनी जन्मलेल्या प्रत्येक बालकाला वेतन देण्याची घोषणा केली. नियम सद्हेतूनेच केला होता. त्याचा घरातील परिणाम काय होतो, हे ती आईच सांगू शकत होती.

आपले कर्तव्य

आपल्या देशात २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा अधिकार आहे. याच कायद्याच्या २९ व्या कलमानुसार रास्त भाव दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या नेमायच्या असून त्यांत स्त्रिया व निराधार व्यक्ती यांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे, हे विचारून घ्या. काम करून रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही तेव्हा काय होते, हे रांगेत उभी राहणारी बहीणच सांगू शकते.

बैतुलमालमध्येही तीन गोष्टी करता येतील. पहिली, ज्यांनी उपासमार सोसली आहे अशा किमान दोन व्यक्तींना, त्यांत एक स्त्री, निर्णयाचा अधिकार देऊन कमिटीत घ्या. केवळ हजेरीसाठी नव्हे. बैठक अशा वेळी ठेवा की, त्यांची मजुरी बुडणार नाही. दुसरी, रमजानचे किट बांधण्यापूर्वी घरोघरी गरज विचारा. एखाद्या घरी पिठापेक्षा गॅसची टाकी, औषध किंवा थकलेले भाडे अधिक निकडीचे असते. तिसरी, विचारपूस एकांतात करा, छायाचित्रे काढू नका. उपकार दाखवून व मन दुखवून सदका वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत आहे.

यामुळे धनवानाची जबाबदारी कमी होत नाही. जकात त्यालाच द्यायची आहे. फक्त ती योग्य जागी पोहोचण्यासाठी वाट माहीत असलेल्याला सोबत घ्यायचे आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क ओळखण्याची आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.