दुसऱ्या ‘टक’पर्यंत

जुलैमधला रविवार, रात्रीचे साडेनऊ. पुण्यातल्या एका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत प्रस्तुत लेखक उकिडवा बसून वॉशिंग मशीनचं दार ओढत होता. आत मुलाचा सोमवारचा गणवेश, बाहेर धो धो पाऊस, आणि मागे उभ्या बायकोचं एकच म्हणणं, “अहो, जोर नका लावू.”

जोर लावला गेला. काडकन आवाज झाला आणि हँडल हातात आलं. दार होतं तिथेच होतं.

यातली खरी गोम अशी, की त्या क्षणापर्यंत दाराचं लॉक ठणठणीत होतं. घोटाळा होता खाली, ड्रेन पंपाच्या फिल्टरमध्ये. तिथे पाच रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि कपड्यांच्या धाग्यांचा बोळा तळ ठोकून बसले होते. पाणी उपसलं जात नव्हतं. पोटात पाणी असताना मशीन दार सोडत नव्हतं. म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागत होतं आणि माणूस वेड्यासारखा. पडद्यावर कोडही झळकत होता, पण तो माहितीपुस्तिकेत बघायचा असतो हे आठवायला आधी पुस्तिका कुठल्या खणात आहे ते आठवावं लागतं. एलजीच्या मशीनवर ‘डीई’ दिसलं तर तक्रार दाराची असते आणि ‘ओई’ दिसलं तर पाणी बाहेर न जाण्याची. इतर कंपन्यांची अक्षरं वेगळी, पण हा फरक बहुतेक सगळ्या करतात.

समोरून दार असलेल्या मशीनचं लॉक आतून कसं चालतं, हे लेखकाला हँडल मोडल्यावर कळलं. दार दाबलं की त्याचा आकडा लॉकच्या खाचेत बसतो. मशीन सुरू केलं की लॉकमधला टिकलीएवढा एक भाग विजेने तापतो, त्याला लागून असलेली दोन धातूंची पट्टी वाकते आणि खिटी सरकते. हा पहिला ‘टक’. त्यानंतरच मोटरकडे वीज जाते. धुणं संपलं की उलटा प्रवास: पट्टी निवावी लागते, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात, मग दुसरा ‘टक’ येतो. अनेक मशीनमध्ये हीच रचना असते. काही नव्या मशीनमध्ये पट्टीऐवजी विद्युतचुंबकाचं लॉक असतं, ते लगेच सुटतं. मधल्या त्या दोन मिनिटांत ओढाताण केली की प्लॅस्टिकचं हँडल आणि आकडा आधी शरण येतात.

त्यामुळे ‘दाराचा प्रॉब्लेम आहे’ असं मेकॅनिकला फोनवर सांगण्याआधी तक्रार नेमकी कोणती, ते बघितलेलं बरं. दार लॉकच होत नसेल, तर आधी रबराच्या कडेत मोजा किंवा रुमालाचं टोक अडकलंय का ते पाहावं. मग दार किंचित वर उचलून बघावं. बिजागरी सैल होऊन दार खाली आलं असेल तर आकडा खाचेसमोर येतच नाही. ओल्या कपड्यांची बादली दारावर टेकवायची सवय असलेल्या घरांत हे होतं. सगळं जागेवर असूनही ‘टक’ येत नसेल, तर मात्र लॉक किंवा त्याची वायर. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी उंदरालाही संशयितांत धरावं.

दार उघडत नसेल तर काम वेगळं आणि जास्त ओलं. आधी चाइल्ड लॉक तपासावं, पण त्याने बहुधा नुसती बटणं गोठतात. मग स्विच बंद करून प्लग काढायचा आणि चांगली पाच मिनिटं थांबायचं. तरी दार हटून बसलं आणि काचेतून पाणी दिसलं, तर पुढच्या बाजूला खाली असलेलं छोटं झाकण उघडावं. तिथे काही मशीनना बारीक नळी असते, तिचं बूच काढून पाणी परातीत घ्यायचं. नळी नसेल तर फिल्टर थोडाथोडा सैल करावा. एकदम फिरवला की बाल्कनीचं तळं होतं, हेही अनुभवानेच सांगतो आहे. गरम पाण्याचं धुणं चालू असेल तर ते निवेपर्यंत हात लावू नये. काही मशीनमध्ये याच झाकणामागे आणीबाणीत दार उघडायची पट्टी असते. ती ओढायची ती पाणी गेल्यावर.

फेस हा आणखी एक गुन्हेगार. बादलीत वापरायची साधी पावडर या मशीनमध्ये टाकली की फेस मावत नाही, पंपाला पाणी नीट ओढता येत नाही, आणि पुन्हा बिचाऱ्या दारावर आळ.

तर, मोडलेल्या हँडलसाठी मेकॅनिक आला. त्याने दार काढलं, आकड्याबरोबर लॉकही चिरल्याचं दाखवलं आणि मोठ्या मनाने म्हणाला, “पार्ट यायला वेळ लागेल. तोवर डायरेक्ट करून देऊ का?” डायरेक्ट करणं म्हणजे लॉकच्या वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या, मशीनला दार कायम बंदच वाटत राहतं. लेखक हो म्हणण्याच्या बेतात होता. उद्याचे कपडे डोळ्यांसमोर होते.

“ड्रम मिनिटाला हजार फेरे घेतो ना?” बायकोने विचारलं. “आणि पोराने मध्येच दार उघडलं तर?”

मेकॅनिकने पक्कड पिशवीत टाकली. लॉक यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस कपडे बादलीत धुतले गेले आणि जीन्स पिळायचं काम प्रस्तुत लेखकाकडे होतं.